शेतावर उभ्या ट्रेलरमध्ये उंदरांनी संसार थाटलाय. पक्का बंदोबस्त कसा करू?

रामबागवाला
१२ सप्टेंबर, रात्री १०:१५

मंडळी, हसायचं ते आधी हसून घ्या.

काल गौरी जेवल्या, आज जरा हात मोकळे झाले म्हणून इंदूरच्या खंडवा रोडला काकांच्या शेतावर ट्रेलर बघायला गेलो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उभा केला होता, त्यानंतर थेट आजच. दार उघडलं तर आधी वास आला. उंदराच्या मुताचा वास एकदा नाकात बसला की संध्याकाळच्या पोह्यांनाही तोच येतो.

नुकसान असं: गादीच्या कोपऱ्यातला फोम उपसून सिंकखालच्या कप्प्यात घरटं केलंय, त्यात गुलाबी पिल्लं, सहा-सात असावीत. पडद्याची दोरी गेली. बॅटरीकडून दिव्याकडे जाणारी वायर दोन ठिकाणी सोललेली, तांबं उघडं. नूडल्सचं एक पाकीट मीच आत विसरलो होतो, हे इथे कबूल करतो. घरी अजून केलेलं नाही.

ट्रेलर छोटा आहे, दोन माणसं आणि एक पोर झोपेल एवढा. लोखंडी अँगलची चासी, वर १८ मिमीचा प्लाय, भिंतीत थर्माकोल, बाहेरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा. मागच्या बाजूला ओटा आणि ५ किलोचा सिलिंडर. रामबागेत आमच्या गल्लीत स्कूटर वळवायची मारामार, म्हणून ट्रेलर शेतावरच्या टिनाच्या शेडमध्ये असतो. शेडच्या तिन्ही बाजूंना सोयाबीन उभं आहे.

वीसेक डांबरगोळ्या टाकून ठेवल्या होत्या. त्यातली एक घरट्याला खेटून पडली होती, पिल्लांना खेळायला दिल्यासारखी.

दसऱ्यानंतर मांडवगडला जायचंय. आईने बजावलंय, अनंत चतुर्दशीपर्यंत पिंजरासुद्धा लावायचा नाही. म्हणजे विचार करायला पाच दिवस आहेत. सुचवा.

बेडियाचं_तिखट
१२ सप्टेंबर, रात्री १०:३१

आईचं बरोबर आहे भिया. पाहुणे दहा दिवस मुक्कामाला आलेत, त्यांची गाडी तुमच्याकडे पार्किंगला लावलीय. पार्किंगचे पैसे मागू नका.

सुदामानगरच्या_काकू
१२ सप्टेंबर, रात्री ११:०५

अरे, आधी उंदीर आहे की घूस की चिचुंद्री ते तर ठरव. आमच्या जुन्या वाड्यात तिन्ही होते, सासूबाई लेंड्यांवरून ओळखायच्या. तांदळाच्या दाण्याएवढ्या, टोकाला निमुळत्या असतील तर घरउंदीर. मनुक्याएवढ्या असतील तर मोठा उंदीर किंवा घूस, मग तुझी पिंजऱ्याची मापंच बदलली. चिचुंद्री असेल तर सोडून दे बाबा. ती उंदराच्या जातीचीच नाही, किडे-झुरळं खाते, वायरी कुरतडत नाही. वास मात्र मारते.

दुसरं, जून ते सप्टेंबर म्हणजे काय ते तुला कळतंय का? उंदरीण तीन आठवड्यांत विते, आणि तिची पिल्लं दीड महिन्यात वयात येतात. जूनमध्ये एक गाभण आत शिरली असेल तर आता तिथे नातवंडं आहेत.

आणि खरी गर्दी अजून व्हायचीच आहे. सोयाबीन कापलं की शेतातले सगळे उंदीर निवारा शोधत निघतात. महिनाअखेरीला कापणी सुरू होईल. तुझ्याकडे पंधरा दिवस आहेत.

पिंजरा माझ्याकडे आहे, लोखंडी, जुना. सतरानंतर घेऊन जा.

रामबागवाला
१३ सप्टेंबर, सकाळी ८:२०

काकू, तांदळाएवढ्याच आहेत. आणि मापं घेताना हात धुतले, विचारायच्या आधीच सांगतो.

पिथमपूर_फिटर
१३ सप्टेंबर, दुपारी १:४०

बारा वर्षं ट्रॅव्हलरच्या बॉडीवर काम केलंय, आता स्वतःचं छोटं वर्कशॉप आहे. कॅम्परची तीन कामं झालीत. पिंजरा-गोळ्या सगळं नंतर. तो आत कुठून येतो ते शोधा. दार उघडं ठेवून पाहुण्यांना काठीने हाकलत बसण्यात अर्थ नाही.

घरउंदराला ६ मिमीची फट पुरते. पोराची पेन्सिल घ्या. पेन्सिल जाते तिथून उंदीर जातो, डोकं गेलं की धड मागून येतंच.

रात्री शेडमध्ये जा. आत मोठा एलईडी दिवा लावा, दार-खिडक्या बंद करा, आणि बाहेरून चटईवर आडवं होऊन ट्रेलरखाली बघा. जिथे जिथे उजेड झिरपेल तिथे खडूने गोल करा. पहिल्यांदा बघाल तेव्हा चाळणी वाटेल, घाबरू नका.

बहुतेक वेळा भोकं इथे सापडतात. सिंकचा पाइप प्लायमधून उतरतो तिथे. मिस्त्री सव्वा इंची पाइपाला दोन इंचाचं भोक पाडतो, कप्प्याच्या आत आहे म्हणून कोणी बघत नाही. मग चाकावरची कमान आणि फरशी यांचा जोड. बाहेरून वीज घ्यायच्या सॉकेटचं झाकण, स्प्रिंग ढिली झाली की ते अर्धवट उघडं राहतं. आणि दाराखालची रबरपट्टी.

बुजवायचं कशाने? नुसता फोम मारू नका. डब्यातून फुगणारा पिवळा फोम उंदीर लाडूसारखा खातो, वर त्यातच घरटं करतो. नुसतं सिलिकॉनही कुरतडतो. स्टीलची घासणी, भांड्याची, ती ठासून भरा आणि मग वरून सिलिकॉन. घासणी स्टेनलेसचीच घ्या, साधी लोखंडी पावसात गंजून भुगा होते. इंचापेक्षा मोठं भोक असेल तर पत्रा कापून पॉप रिवेट मारा.

सुदामानगरच्या_काकू
१३ सप्टेंबर, दुपारी २:१०

आमच्याकडे काचांचा चुरा सिमेंटमध्ये कालवून बिळात भरायचे. चाळीस वर्षं झाली, ते बीळ अजून बंद आहे.

पिथमपूर_फिटर
१३ सप्टेंबर, दुपारी २:३०

काकू, भिंतीला उत्तम. ट्रेलर रस्त्यावर हादरतो, सिमेंट पहिल्या घाटात फुटून पडेल. मांडवगडला जाताना घाट आहेच.

नवखा_भटक्या
१३ सप्टेंबर, रात्री ९:००

एवढा कुटाणा कशाला? प्लगमध्ये लावायचं अल्ट्रासॉनिक यंत्र मिळतं, चारशे-पाचशेला. आवाज आपल्याला ऐकू येत नाही, उंदीर पळतात.

बडोद्याहून
१३ सप्टेंबर, रात्री ९:४५

मी दोन लावली होती. एका यंत्रामागेच लेंड्या सापडल्या. तो आवाज कपाट-गादीच्या पलीकडे पोचत नाही, आणि पोचला तरी चार दिवसांत उंदरांना त्याची सवय होते. शिवाय शेतातल्या शेडमध्ये बंद ट्रेलरला चोवीस तास वीज कुठून आणणार?

आमचं टेम्पो ट्रॅव्हलरचं कॅम्पर आहे, अलकापुरीत बदामाच्या झाडाखाली उभं असायचं. उंदीर नाही, खारींनी हैराण केलं. इंजिनावरच्या इन्सुलेशनचा कापूस काढून झाडावर नेत होत्या. झाडाखालून गाडी हलवली आणि निम्मा त्रास संपला. सांगायचं एवढंच की गाडी कुठे उभी आहे तेही बघा.

बेडियाचं_तिखट
१३ सप्टेंबर, रात्री १०:०२

माझं नाव वाचून कळलं असेलच, मी तिखट वापरलं. निमाडातलं, अस्सल. बोनेटखाली मूठभर भुरभुरलं. दोन दिवसांनी विसरून एसी लावला. सासरे पुढच्या सीटवर होते.

पक्ष्यांना तिखट झोंबत नाही, उंदराला झोंबतं, हे खरं आहे. एक जपानी कंपनी तर वायरीवर गुंडाळायची तिखट लावलेली टेप विकते. पण टेपमधलं तिखट टेपवर राहतं. माझं राहिलं नाही.

पिथमपूर_फिटर
१३ सप्टेंबर, रात्री १०:२०

तंबाखूची पानंही लोक ठेवतात. आठवडाभर वास असतो, तेवढाच उपयोग. सोललेल्या वायरी नव्या टाकताना लवचीक लोखंडी पाइपातून न्या, चिकटपट्टी मारून भागवू नका. उघडं तांबं आणि थर्माकोल शेजारी शेजारी म्हणजे आगीला आमंत्रण.

रामबागवाला
१५ सप्टेंबर, रात्री ११:३०

आज दिवे लावून पाहिलं. फिटर दादा, चाळणी हा शब्द कमी पडला. अकरा ठिकाणी खडू केला. सिंकच्या पाइपाभोवती तर अख्खा अंगठा जात होता, आणि त्याच्या बरोबर वर घरटं. घरटं मात्र रिकामं. परवा मी हात घातल्यावर आईने पिल्लं उचलून दुसरीकडे नेली असणार. कुठे, ते सापडलं नाही.

अकराही बुजवली. ओट्याखाली सिलिंडरच्या कप्प्यात फरशीला तीन गोल भोकं होती, रुपयाच्या नाण्याएवढी, एका ओळीत. मिस्त्रीने कशासाठी पाडली देव जाणे. तिन्हीवर पत्रा ठोकला, सिलिकॉन मारलं. आता हवासुद्धा जात नाही.

गॅसकाका
१६ सप्टेंबर, सकाळी ६:१०

ही तीन भोकं आज, चहा घ्यायच्या आधी उघडा. मस्करी करत नाही.

तीस वर्षं गॅस एजन्सीत मेकॅनिक होतो. घरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, साधारण दीडपट ते दुप्पट. गळला तर वर जात नाही, पाण्यासारखा खाली साचतो. खोलीत दाराखालून तरी निघून जातो, तुमचा ट्रेलर म्हणजे बंद डबा. सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोकं ठेवतात ती गळलेला गॅस जमिनीवर पडून जावा म्हणून. मिस्त्रीने शहाणपणा केला होता, तुम्ही तो पत्र्याने झाकलात. रेग्युलेटरची नळी उंदराने कुरतडली असेल, कप्पा तळातून बंद असेल, आणि रात्री कोणी काडी ओढली तर पुढचं लिहीत नाही.

उंदीर येऊ नये आणि गॅस जावा, दोन्ही हवं असेल तर जाळी लावा. पाव इंची, वेल्ड केलेली, लोखंडी. मच्छरदाणीची बारीक जाळी नको, धुळीने भरून बंद होते. आणि रबरी नळी बदला. कुरतडल्याची खूण दिसो न दिसो, बदला.

पिथमपूर_फिटर
१६ सप्टेंबर, सकाळी ७:३०

काका बरोबर आहेत. हे मीच आधी लिहायला हवं होतं. चार्जिंग करताना बॅटरीतूनही वायू निघतो, त्यामुळे तुमची आम्लाची बॅटरी असेल तर त्या कप्प्याच्या वरच्या भोकालाही जाळीच, पत्रा नाही. तो वायू हलका, वर जाणारा.

रामबागवाला
१६ सप्टेंबर, दुपारी १२:५०

सकाळीच गेलो, पत्रा काढला, जाळी बसवली. येताना नवी नळी आणली. जुनी आता हातात धरून बघतोय, एका जागी दातांच्या चार बारीक रेघा आहेत. आरपार गेलेल्या नाहीत.

काका, नमस्कार करतो.

डॉक्टरबाई_महू
१६ सप्टेंबर, रात्री ८:१५

आत्ता वाचला धागा. मी जनावरांची डॉक्टर, पण हे माणसांनाही लागू.

साफ करताना झाडू मारू नका, व्हॅक्यूमही नको. वाळलेली लेंडी-मूत्र धुळीबरोबर उडतं आणि श्वासातून आत जातं. दार-खिडक्या अर्धा तास उघड्या ठेवा. हातमोजे, मास्क. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, हे ताजं कालवून लेंड्यांवर आणि घरट्यावर फवारा, पाच-दहा मिनिटं भिजू द्या, मग कागदाने टिपून पिशवीत बांधून टाका. पायाला किंवा हाताला चीर असेल तर जास्त जपा, लेप्टोस्पायरा नावाचा जंतू उंदराच्या मुतातून तिथूनच शिरतो. गादी मी असते तर टाकून दिली असती.

डांबरगोळ्याही काढा. उंदराला त्यांचं काही वाटत नाही हे तुम्ही पाहिलंच. बंद जागेत झोपणाऱ्या पोराला मात्र त्यांची वाफ चांगली नाही, आणि काही मुलांमध्ये जी६पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी फुटतात.

औषध घालायचा विचार असेल तर सोडून द्या. ब्रोमॅडिओलोनच्या वड्या खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, रक्त गोठणं थांबून चार-पाच दिवसांनी मरतो. तोवर तो तुमच्या थर्माकोलच्या भिंतीत गेलेला असतो. मग पत्रा उचकटा. तो उंदीर कुत्र्याने किंवा घुबडाने खाल्ला तर विष तिथेही पोचतं. आणि शेतावर कोणी धान्यात ठेवायच्या गोळ्या ट्रेलरमध्ये टाकायला सांगितल्या, तर हात जोडून नाही म्हणा. त्यातून निघणाऱ्या वायूवर उतारा नाही, आणि तुम्ही त्याच डब्यात झोपणार आहात.

रामबागवाला
१६ सप्टेंबर, रात्री ८:४०

शेडच्या वाशावर घुबड बसतं असं शेतावरचे काका म्हणतात, पांढऱ्या तोंडाचं. हाकलू का असं विचारत होते.

डॉक्टरबाई_महू
१६ सप्टेंबर, रात्री ८:४४

गव्हाणी घुबड! रोज रात्री फुकट उंदीर मारणारा माणूस तुम्ही हाकलणार आहात?

रामबागवाला
२२ सप्टेंबर, रात्री १०:००

बाप्पा गेले, पिंजरा आला. काकूंकडे चहा आणि चकली झाली, पिंजऱ्याबरोबर सूचनाही मिळाल्या: पहिले दोन दिवस दार बांधून उघडंच ठेवायचं, नुसतं खाऊ घालायचं, भिंतीला लावून ठेवायचं, कारण उंदीर मोकळ्यावरून जात नाही, कडेकडेने जातो. मी आधी शेव ठेवली. इंदूरचा उंदीर आहे, म्हटलं आवडेल. शिवला नाही. कांदाभजी आणि सुकं खोबरं ठेवल्यावर तीन रात्रींत तीन आले.

मारवले नाहीत. नाल्यापलीकडे, दोनशे पावलांवर सोडले. पोराने हट्ट करून एकाच्या पिंजऱ्याबाहेर आलेल्या शेपटीला आईचं लाल नेलपेंट लावलं.

आज सकाळी पिंजऱ्यात लाल शेपटी.

सुदामानगरच्या_काकू
२२ सप्टेंबर, रात्री १०:२०

दोनशे पावलांवर सोडलेला उंदीर म्हणजे फिरायला नेऊन आणलेला उंदीर. आणि दुसऱ्याच्या शेतात सोडणं हे पुण्य नाही रे, तिथेही कोणीतरी बायकोचं ऐकून घेत असेल.

पण मुद्दा तो नाही. अकरा भोकं बुजवलीस ना? मग हा परत आत आला कुठून?

रामबागवाला
२२ सप्टेंबर, रात्री १०:२५

हाच प्रश्न घेऊन बसलोय. पुन्हा दिवा लावून पाहिलं. काळोख. एक किरण बाहेर येत नाही.

नवखा_भटक्या
२३ सप्टेंबर, सकाळी ९:१५

गव्हाचं पीठ पसरा, पावलं उमटतील.

सुदामानगरच्या_काकू
२३ सप्टेंबर, सकाळी ९:४०

पीठ पसरलं तर ते खातील आणि पावलं पुसतील. रांगोळी पसर. पांढरी, बारीक. दाराशी, चाकांशी, जॅकच्या पायांशी, आणि पुढे जो जोडायचा दांडा आहे त्याच्याखाली. दिवाळीची उरलेली असेलच घरात.

बडोद्याहून
२३ सप्टेंबर, सकाळी ११:००

बंदरावर जहाजांच्या दोरखंडांना गोल पत्र्याच्या थाळ्या लावलेल्या असतात, उंदीर दोरावरून चढू नयेत म्हणून. जॅकच्या पायांना तसं काही करता येईल का?

पिथमपूर_फिटर
२३ सप्टेंबर, सकाळी ११:३०

कल्पना झकास, पण टायरचं काय करणार? टायरवरून उंदीर जिना चढल्यासारखा चढतो. वर चढणं थांबत नाही, आत शिरणं थांबवायचं.

रामबागवाला
२५ सप्टेंबर, रात्री ९:३०

सापडलं.

दार, चाकं, जॅक, सगळीकडची रांगोळी जशीच्या तशी. पुढच्या दांड्याखाली मात्र पावलांची बारीक रांग आणि मधून शेपटीची रेघ. ट्रेलर ओढायचा दांडा चौकोनी पोकळ पाइपाचा आहे, पुढचं टोक उघडं. मागच्या दिव्यांच्या वायरी त्याच पाइपातून जातात आणि सीटखालच्या पेटीत निघतात. पेटीत हात घातला तर तिथे दुसरं घरटं. पिल्लं तिथेच नेली होती, आता बरीच मोठी झालीत, डोळे उघडलेत. मी झाकण उघडलं तशी पाइपात पळाली.

पिथमपूर_फिटर
२५ सप्टेंबर, रात्री ९:५०

चूक माझी. पाइपात उजेड वळत नाही, वायरींनी तोंड भरलेलं असतं, म्हणून दिव्याच्या परीक्षेत तो पास होतो. आता घाई करून दोन्ही टोकं बंद करू नका, आत असतील तर तिथेच मरतील. आतलं टोक आज घासणीने बंद करा, बाहेरचं चार रात्री उघडं ठेवा, रांगोळी रोज बघा. बाहेर जाणारी पावलं दिसली आणि मग दोन रात्री काहीच दिसलं नाही की बाहेरच्या टोकाला पत्र्याची टोपी, वायरीपुरती खाच ठेवून, रबरी ग्रोमेट (वायरीभोवतीचं कडं) आणि घासणी.

रामबागवाला
६ ऑक्टोबर, दुपारी ४:००

तसंच केलं. टोपी बसवून आठवडा झाला. दरम्यान शेजारचं सोयाबीन कापून झालं आणि काकू म्हणाल्या तसंच घडलं. शेडमधल्या भुश्याच्या पोत्यांत खसखस सुरू आहे, काकांच्या जुन्या ट्रॅक्टरची सीट गेली. ट्रेलरभोवतीच्या रांगोळीवर दर रात्री पावलं दिसतात, चाकापर्यंत जातात, दांड्यापर्यंत जातात आणि परत फिरतात. आत काही नाही.

भुश्याची पोती ट्रेलरपासून लांब हलवली. तिरपाल जमिनीवर लोळत होतं ते वर बांधलं, त्याच्या घडीत दोन होते. आतली उशी-पांघरुणं घरी आणली, खायचं तर बडीशेपसुद्धा ठेवली नाही. सिंकखालचा कप्पा उघडा ठेवलाय, काळोख मिळू नये म्हणून. दर रविवारी एक चक्कर मारायचं ठरवलंय.

नवखा_भटक्या
६ ऑक्टोबर, दुपारी ४:३०

कुरतडलेल्या वायरींचे पैसे विम्यातून मिळतात का?

बडोद्याहून
६ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:१०

आमच्या खारींच्या वेळी कंपनीने आधी नाही म्हटलं, मग दोन महिने फोन, मग थोडे दिले. पॉलिसीत कुरतडण्याबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा आणि लेखी विचारा. फोटो काढल्याशिवाय वायर बदलू नका.

रामबागवाला
२० ऑक्टोबर, रात्री ११:१०

मांडवगड करून आलो. रूपमती मंडपाच्या अलीकडे एका शेतकऱ्याच्या अंगणात दोन रात्री मुक्काम केला. पहिल्या रात्री अडीचला खुडबुड. बायको उठून बसली, मी टॉर्च घेऊन सीटखाली, पोरगा पेन्सिल घेऊन. निघालं काय, तर छतावर चिंचेच्या झाडावरून पडणारी बोटकं.

नूडल्सच्या पाकिटाचं घरी कळलंय. पोराने सांगितलं.

सुदामानगरच्या_काकू
२० ऑक्टोबर, रात्री ११:२५

पिंजरा कधी आणतोस? आमच्याकडे माळ्यावर खुडबुड आहे, आणि ती चिंच नाही.

रामबागवाला
२० ऑक्टोबर, रात्री ११:२७

उद्या संध्याकाळी येतो काकू. ब्लीचच्या पाण्याने धुऊन. खडू आणि पेन्सिलही आणतो.